आजाऱ्याची सेवा आणि सेवा करणाऱ्याची प्रकृती

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आम्ही लागण, बेणे, खते, पाणी आणि हुमणी यांखेरीज सहसा दुसरे काही लिहीत नाही, आणि संपादक मंडळाचीही आमच्याकडून तेवढीच अपेक्षा असते. परंतु या खेपेस उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून घरातला विषय घेत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, आमचे शिक्षण शेतकी पदविकेपाशी संपले, हे आधीच सांगून टाकतो. घरात जे भोगले, डॉक्टरांना जे विचारून घेतले आणि पुढे जे हाती येईल ते वाचले, तेवढेच येथे लिहिले आहे.

निमित्त असे झाले. मागचा हंगाम संपल्यावर खोडव्याच्या नोंदी घेत असता एका सभासदाच्या प्लॉटवर गेलो. हे गृहस्थ दरवर्षी पाचट न जाळता सरीत दाबणारे, बुडखे जमिनीलगत छाटून घेणारे, चार लोकांना दाखवावा असा खोडवा ठेवणारे. यंदा बुडखे वीतभर तसेच उभे, पाचट अस्ताव्यस्त पडलेले, खताचा पत्ता नाही. आम्ही जरा रागानेच विचारले. ते म्हणाले, "साहेब, म्हातारी आठ महिनं झालं जागेवर हाय. तिला उचलून उचलून बायकोची कंबर गेली. मी रातभर जागा असतोय, दिवसा शेतात आलो की बांधावरच डोळा लागतोय. खोडव्याचं काय घेऊन बसलाय?"

नोंदवहीत आम्ही 'व्यवस्थापन नाही' असे लिहिले आणि निघालो. पण मोटारसायकलवरून घरी येईपर्यंत त्यांचे बोलणे डोक्यातून जाईना, कारण तीच गोष्ट आमच्याही घरात होऊन गेलेली होती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, गाळप हंगाम भरात यायच्या वेळी, आमच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. रक्तदाबाची गोळी त्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनाने बंद केली होती. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आणले, तेव्हा सोबत एक जाड फाईल मिळाली. कोणती गोळी किती वाजता, दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठ टेकवून ताठ बसवूनच भरवणे, हातापायांचे व्यायाम, लघवीची नोंद, सगळे त्यात लिहिलेले. आमच्या मातोश्रींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण आठ दिवसांत त्यांची ती फाईल पाठ झाली.

पुढचे सात महिने त्यांनी जी सेवा केली तिला तोड नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर, माकडहाडावर, टाचेला जखमा होतात आणि एकदा झाल्या की लवकर भरत नाहीत. वडिलांच्या अंगावर सात महिन्यांत एक ओरखडा आला नाही. व्यायाम शिकवायला येणारे डॉक्टर म्हणाले की असे काम पगारी नर्सच्या हातूनही होत नाही. आम्ही हे ज्याला त्याला अभिमानाने सांगत होतो.

जून २०२२ च्या पहिल्या पावसात गोठ्यात मातोश्रींच्या पायाला पत्र्याचा तुकडा लागला. त्यांनी हळद भरून चिंधी बांधली आणि कामाला लागल्या. अठरा दिवस कुणाला सांगितले नाही. त्या लंगडतात हे आमच्या सौभाग्यवतींच्या लक्षात आले. चिंधी सोडली तर बोट काळे पडलेले. दवाखान्यात नेले, रक्तातली साखर ३८० निघाली. डॉक्टरांनी विचारले, "साखर केव्हापासून आहे?" कुणालाच माहीत नव्हते. "मागची फाईल कुठाय यांची?" फाईल नव्हतीच. घरात होती ती वडिलांची. उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

त्या वर्षी आमच्याकडे साडेचारशे हेक्टरांवर उसाच्या नोंदी होत्या. कुठल्या प्लॉटला गवताळ वाढ आहे, कुठे लोकरी मावा दिसला, कुणाच्या सरीत पाणी तुंबते, हे आम्हाला न पाहता सांगता येत होते. आईच्या पायाकडे मात्र सात महिने पाहिले नव्हते. "आई, सांगितलं का नाहीस?" असे विचारले तर त्या म्हणाल्या, "तुझ्या वडलांचं सगळं येळेवर बघायचं, का माझं पाय बघत बसायचं?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

खोडव्याबद्दल आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. बेण्याचा खर्च नाही, लागणीचा खर्च नाही, पूर्वमशागत नाही, तेव्हा हे पीक फुकटचे, आपोआप फुटते, येईल तेवढे घ्यायचे. म्हणून खत देताना हात आखडतो, पाण्याची पाळी लांबते, आणि मग उतारा घटला की खोडव्यालाच दोष. वास्तविक पहारीने दोन हप्त्यांत खत दिले, पाचट ठेवले, बुडखे नीट छाटले तर खोडवा लागणीच्या जवळपास जातो, हे आपल्याच सभासदांनी दाखवून दिले आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला घरात हीच वागणूक मिळते. आजाऱ्याला फळे येतात, नातेवाईक येऊन त्याची विचारपूस करतात, गोळ्या चुकत नाहीत. सेवा करणारी बाई किंवा गडी त्याच घरात तीन वाजता उभ्या उभ्या शिळी भाकरी खातो आणि तेही आपोआप चालले आहे असे सगळे धरून चालतात. तो स्वतःही तसेच धरून चालतो, ही त्यातली मोठी अडचण.

यावर बाहेरच्या देशांत शास्त्रीय पाहणी झालेली आहे. अमेरिकेत ६६ ते ९६ वर्षे वयाच्या नवरा-बायकोंची चार वर्षे पाहणी करून तिचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आजारी जोडीदाराची सेवा करताना ज्यांच्यावर ताण पडत होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सेवा करावी न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळले. सेवा करूनही ज्यांच्यावर ताण नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. हा फरक आमच्या मते फार महत्त्वाचा आहे, कारण ताण कमी करणे काही अंशी तरी घरातल्यांच्या हातात असते. दुसरी पाहणी ओहायो राज्यातली, १९९५ ची. विस्मरणाच्या आजाराच्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर लहानशी सारखी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले. तशाच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा त्यांना सुमारे ९ दिवस जास्त लागले. आमच्या मातोश्रींची जखम साखरेमुळे चिघळली हे खरे. पण रात्रीचे जागरण, वेळी-अवेळी जेवण आणि मनाचा घोर यांनी शरीराची दुरुस्तीही मंदावते, हे ध्यानात घ्यावे.

आता करावयाचे काय? येथेच बहुतेक उपदेश फसतो. सकाळी तासभर फिरा, योगासने करा, मन प्रसन्न ठेवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्या घरात सकाळी पाच ते नऊपर्यंत आजाऱ्याचे अंथरूण, आंघोळ, चहा आणि औषध चालते, त्या घरातल्या बाईने तो तास आणायचा कोठून? आम्हालाही असे उपदेश करणारे भेटले आणि आम्ही ते मानलेही. गुढीपाडव्याला, २०२२ साली, तंबाखू सोडण्याचा संकल्प केला. वडिलांचे अंथरूण स्वच्छ करण्याचे काम सकाळी आमच्याकडे असे. ते उरकून बाहेर कट्ट्यावर आलो की हात आपोआप डबीकडे जात असे. पाडव्याचा संकल्प पाचव्या दिवशी त्याच कट्ट्यावर मोडला. मग वाटले, आता मोडलाच आहे तर पुढच्या पाडव्याला बघू.

२१ दिवसांत सवय लागते असे आपण ऐकतो. लंडनच्या विद्यापीठातील संशोधकांनी ९६ माणसांवर हे तपासून पाहिले आणि २०१० मध्ये छापले. जेवणानंतर एक ग्लास पाणी पिणे अशासारखी एकच साधी गोष्ट प्रत्येकाने रोज ठराविक वेळी करायची. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांवर गेला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर खताचा दुसरा हप्ता आपण लागणीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी देतो, त्याच्याही थोडा पुढचा हा काळ. तोपर्यंत ऊस उपटून मुळे धरली का बघायची नसतात.

या संशोधनातली 'ठराविक वेळी' ही गोष्ट आम्हाला पटली. आणि मग एक साधी गोष्ट लक्षात आली. ज्या घरात आजारी माणूस आहे, त्या घरात एक वेळापत्रक इतके पक्के असते की कारखान्याच्या भोंग्यालाही ते जमू नये. आठची गोळी आठलाच. साडेबाराला जेवण. चारला कूस. स्वतःसाठी निराळा तास काढणे जमत नसेल तर स्वतःची गोष्ट आजाऱ्याच्या याच वेळापत्रकाला जोडून द्यावी. पाण्याच्या पाळीबरोबर आपण विद्राव्य खत सोडतो, त्याला वेगळी पाळी लागत नाही, तसेच हे.

आमच्या घरी काय जोडले ते सांगतो. मातोश्रींच्या साखरेच्या गोळ्या वडिलांच्या गोळ्यांच्याच डब्यात ठेवल्या. त्यांना आठची गोळी दिली की ह्यांनी आपली घ्यायची. दुपारी वडिलांचे ताट वाढले की शेजारी आईचे ताट वाढल्याशिवाय पहिला घास भरवायचा नाही असा नियम केला. पहिले काही दिवस त्यांनी "मी जेवते नंतर" म्हणून टाळले. मग वडिलांनीच तोंड मिटून घ्यायला सुरुवात केली. बोलता येत नव्हते, पण डाव्या हाताने तिच्या ताटाकडे बोट दाखवायचे. या एका गोष्टीने आमचे अर्धे काम झाले. संध्याकाळी वडिलांच्या टाचा आणि पाठ पाहण्याची वेळ असते. तेव्हाच आमचा धाकटा मुलगा मोबाईलच्या उजेडात आजीचे दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहतो. साखर असलेल्या माणसाला पायाला लागलेले कळत नाही, म्हणून तळवे रोज पाहावयास हवेत आणि अनवाणी फिरू नये. गोठ्यातही नाही.

तंबाखूचे आम्ही असेच केले. कट्टा हीच खरी अडचण होती. जुलै २०२२ पासून अंथरूण उरकले की कट्ट्यावर न येता मागच्या दाराने मोटारीच्या खोलीपर्यंत चालत जायचे, तोंडात बडीशेप ठेवायची, आणि परत यायचे, असे ठरवले. साधारण पंधरा मिनिटे लागतात. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ निभावून न्यायचा असतो. पहिला आठवडा वाईट गेला. डोके धरले, चिटबॉयवर विनाकारण ओरडलो, झोप लागेना. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी फोन विनामूल्य आहे आणि तंबाखूच्या पुडीवरच तो छापलेला असतो. इतकी वर्षे पुडी हातात धरून आम्ही तो वाचला नव्हता. तेथे दोनदा बोललो. पुढे फेब्रुवारीत तोडणी कार्यक्रमाच्या भांडणात एक दिवस पुन्हा मळली. पण लंडनवाल्यांचे वाक्य आठवून दुसऱ्या दिवशी मोटारीच्या खोलीकडे निघालो. त्यानंतर हात लावलेला नाही.

मातोश्रींची मिश्री सुटली असे मात्र लिहिता येत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा होती ती सकाळची एकदा राहिली आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायचे निमित्त, तोंडाच्या कर्करोगाचा धोका तोच. आम्ही बोलतो, त्या ऐकून घेतात.

चहाचेही सांगावयास हवे. साखर कारखान्याच्या पत्रकात साखर कमी खा असे लिहिणे म्हणजे आपल्याच वजनकाट्यावर आपणच पाय देणे होय, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही लिहितो. आजाऱ्याच्या घरात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर अर्धा कप होतो. दोन चमचे साखरेचे सात कप झाले तर सुमारे ७० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली आहे, ती साधारण माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास येते, आणि शक्य तर त्याच्याही निम्मी असावी असे ती म्हणते. सवलतीची साखर सभासदांनी जरूर न्यावी. डबा चुलीपासून थोडा दूर ठेवावा.

आता रात्रीचा प्रश्न. दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे सेवा करणाऱ्याला रात्रभर सलग झोप नाही. हवेची गादी घेतली तर जखमेचा धोका कमी होतो, पण कूस बदलणे सुटत नाही. आपल्या भागात शेतीची लाइट रात्रीची असली की दोन भाऊ काय करतात? एक बारापर्यंत पाणी धरतो, दुसरा बारानंतर. एकट्याने महिनाभर दारे धरली तर तो आजारी पडेल हे सगळ्यांना कळते. घरात मात्र एकच बाई सात महिने दारे धरते. आमच्या घरी आता रात्री नऊ ते दोन एकाची पाळी, दोन ते सहा दुसऱ्याची. प्रत्येकाला चार-पाच तास सलग मिळतात. तेवढ्याने दिवसाचा चिडचिडेपणा किती उतरतो, ते करून पाहावे.

पाळीचा विषय निघालाच आहे तर शेजपाळीचे सांगतो. शेजपाळीत पाणी शेपटाच्या शेतापासून द्यायला सुरुवात करून वर यायचे असते. वरच्याने आधी घेतले तर शेपटाच्या शेतकऱ्याला फक्त ओली चारी दिसते. घरातली मदतही वरच्या वर मुरते. पुण्याचा भाऊ पैसे पाठवतो, बहीण सणाला येऊन दोन दिवस रडून जाते, शेजारी सल्ला देतात. रात्री दोन वाजता कूस बदलणाऱ्या माणसापर्यंत यातले काही पोहोचत नाही. आमचे धाकटे बंधू पुण्यास नोकरीला आहेत. त्यांना फोनवर आम्ही स्पष्ट सांगितले, "पैसे नकोत असं नाही, पण पाळी घे." आता ते दर दुसऱ्या शनिवारी येऊन रविवार संध्याकाळपर्यंत सगळे स्वतः करतात. कुणी विचारले, "काही लागलं तर सांगा हं", तर "नको, नको" म्हणण्याची आपल्याला सवय आहे. तीही बदलावी. "गुरुवारी दुपारी तीन ते पाच तुम्ही बसा", असे नेमके काम सांगावे. दहांतले सात जण आनंदाने बसतात, असा आमचा अनुभव.

बंधूंच्या पहिल्या पाळीत एक चूक झाली, ती लिहून ठेवतो. त्यांनी वडिलांना उठवताना लुळा हात धरून ओढले. खांदा सुजला, पंधरा दिवस व्यायाम बंद. अर्धांगवायूच्या माणसाचा लुळा हात कधीही ओढू नये, त्याचा खांदा सैल झालेला असतो. खाटेवरून खुर्चीत घेताना खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवावी, त्याला खाटेच्या कडेला आणावे, पाय जमिनीला टेकवावेत, आपण त्याच्या अगदी जवळ उभे राहून गुडघ्यात वाकावे, कमरेशी धरावे, आणि "एक, दोन, तीन" म्हणून त्यालाही जोर लावायला सांगावे. आपली कंबर ताठ हवी. ऊसतोडीला आलेल्या बायकांना मोळी उचलताना पाहा. कुणी कमरेतून वाकून मोळी डोक्यावर घेत नाही. ती खाली बसते, दुसरा हात लावतो, मग उठते. वर सरकवायचे असेल तर आजाऱ्याच्या पाठीखाली जुनी चादर चौघडी करून घालून ठेवावी आणि दोघांनी दोन बाजूंनी ती चादर धरून सरकवावे. एकट्याने काखेत हात घालून ओढू नये. वर ज्या सभासदाचे सांगितले, त्यांच्या घरच्या मंडळींची कंबर नेमकी अशीच गेली.

एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार बरेच दिवस करीत होतो. एका रात्री वडिलांनी पाण्याचा पेला तिसऱ्यांदा सांडला आणि आम्ही त्यांच्यावर ओरडलो. ज्या माणसाने आम्हाला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो माणूस आमच्याकडे बघून रडू लागला. आम्ही उठून मोटारीच्या खोलीत जाऊन बसलो. सेवा करणाऱ्याला राग येतो, कधी "सुटका होईल तर बरं" असाही विचार मनात येतो, आणि मग त्याची लाज वाटते. हे एकट्या तुमच्याच घरात होत नाही. डॉक्टरांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगतो, फक्त दार लावून सांगतो. पंधरा दिवसांवर झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असे असेल तर दवाखान्यात स्वतःसाठी जावे. त्यातही जीव नकोसा वाटत असेल तर पंधरा दिवस वाट पाहू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या फोनवर आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते आणि नाव सांगावे लागत नाही.

मातोश्रींचा देवळातला हरिपाठ सात महिने बंद होता. आता संध्याकाळी तासभर त्या जातात. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेतून परत आल्या, "ह्यांना तहान लागली असंल" म्हणून. आता परत येत नाहीत, उलट कधी उशीर होतो. वडील काठी घेऊन अंगणातल्या तुळशीपर्यंत येतात आणि रस्त्याकडे बघत बसतात.

त्या खोडव्याचे काय झाले, असे काही सभासद विचारतील. त्यांचे चुलत बंधू आता गुरुवार ते शनिवार रात्रीची पाळी घेतात. बुडखे छाटून पहारीने पहिला हप्ता दिला तो चाळीस दिवस उशिरा. उतारा त्या मानाने येईल. त्यांच्या मंडळींना कंबरेसाठी दवाखान्यात दाखवले, तेव्हा रक्तदाबही निघाला. गोळी सुरू आहे, सासूबाईंच्या गोळीबरोबर.

शेती विभागातर्फे कळविण्यात येते की, खोडवा नोंदीच्या वेळी आमचे कर्मचारी यापुढे घरात कुणी अंथरुणाला खिळलेले आहे काय आणि त्यांचे करणारे कोण, एवढे दोन प्रश्न विचारतील. माहिती सांगणे सक्तीचे नाही. सेवा करणाऱ्यांचा रक्तदाब गट ऑफिसात दर सोमवारी सकाळी नऊ ते अकरा मोजून दिला जाईल. आकडा १४०/९० किंवा त्याहून वर आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पुन्हा मोजून घ्यावा आणि साखरही तपासून घ्यावी. तीस वर्षांवरील सर्वांची ही तपासणी सरकारी केंद्रात विनामूल्य होते, गावातल्या आशाताईंना विचारावे. गट ऑफिसात येताना सातबारा किंवा ऊस नोंदीची पावती आणण्याची गरज नाही. मात्र मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू घेऊ नये व पाच मिनिटे बाकावर गप्प बसावे, नाहीतर आकडा चुकीचा येतो. त्या पाच मिनिटांत तोडणीच्या तारखेबद्दल आमच्या माणसांशी वाद घालू नये, ही खास विनंती.